श्वास आणि सवड : शांत पालकत्वाच्या प्रश्नाचा आढावा

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न घालणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठेवला होता. पालकांकडे तेव्हा मागणं एकच होतं : पोराला शाळेत पाठवा. आज त्याच कोल्हापुरात आईबापांकडून ज्याची अपेक्षा केली जाते, ते कुठल्या दंडाने वसूल होणारं नाही. मुलावर ओरडू नका, हात उगारू नका, त्याचं पूर्ण ऐकून घ्या, त्याच्याजवळ असाल तेव्हा मनानेही तिथेच असा, आणि हे सगळं करताना स्वतः शांत राहा. पालकसभेत हे सांगितलं जातं, समुपदेशक सांगतात, मोबाइलवर रोज एखादा व्हिडिओ सांगतो. आणि हे जमवायचं कसं, याचं उत्तर म्हणून हल्ली सजगतेचं, म्हणजे माइंडफुलनेसचं नाव घेतलं जातं.

हे उत्तर कुठून आलं, त्याने खरोखर काय साधतं आणि आपल्या जिल्ह्यात ते कुणाच्या हाताला लागतं, याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच मांडून ठेवलेलं बरं. सजगतेचा सराव उपयोगी आहे, त्याला बऱ्यापैकी पुरावाही आहे. पण तो सराव सवडीवर उभा असतो, आणि घरातली सवड ही एकट्या आईने डोळे मिटून मिळवायची वस्तू नव्हे. ती घरच्यांनी, शाळेने आणि कामाच्या ठिकाणाने मिळून काढून द्यावी लागते.

घराघरांत आवाज चढण्याच्या वेळा जवळपास ठरलेल्या असतात. सकाळी शाळेची रिक्षा दारात यायच्या आधीची वीस मिनिटं, संध्याकाळी अभ्यासाची वही उघडल्यानंतरचा अर्धा तास, आणि रात्री मुलाच्या हातातून मोबाइल काढून घ्यायची वेळ. गावाकडे यात धारांची भर पडते. गोकुळ दूध संघाला दूध घालणाऱ्या घरातली बाई पहाटे पाचला गोठ्यात असते. डेअरीची वेळ चुकवून चालत नाही, आणि पोरं उठायची, आवरायची वेळही तीच. संध्याकाळी पुन्हा धारा, पुन्हा डेअरी, चुलीवर भाकरी आणि शेजारी चौथीतल्या मुलाचे अडखळणारे पाढे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून तिसरी पाळी करून आलेला बाप ज्या वेळी अंथरुणावर पडतो, त्याच वेळी सुट्टीच्या दिवशी पोरांचा दंगा सुरू होतो. इचलकरंजीत यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्याचीही तीच गत. माणूस इथवर थकला की तोंडातून निघतं ते ठरलेलं असतं : ‘‘किती वेळा सांगायचं रे तुला?’’, ‘‘कान हाईत का न्हाईत?’’, ‘‘थांब, येऊ देत तुझे पप्पा.’’ आणि पुष्कळदा तोंडापाठोपाठ हातही निघतो.

किती पुष्कळदा, याचा अंदाज केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून येतो. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतल्या मुलांशी बोलून केलेल्या या अभ्यासात दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसल्याचं दिसलं, आणि घरात मारणाऱ्यांमध्ये आईवडीलच सगळ्यांत जास्त होते. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ साली शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला. घराच्या उंबऱ्याच्या आत तशी सरसकट बंदी आपल्याकडे नाही. स्वीडनने ती १९७९ सालीच घातली. माराचा उपयोग होतो का, हा वादही आता फारसा उरलेला नाही. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१६ साली पन्नास वर्षांतल्या संशोधनाचा एकत्र हिशेब मांडला. त्यात एक लाख साठ हजारांच्या आसपास मुलांची माहिती होती. चापट्या खाल्लेली मुलं जास्त आज्ञाधारक होतात असं त्यात कुठे दिसलं नाही. आक्रमकपणा, चिंता, आईवडिलांशी बिघडलेलं नातं यांच्याशी माराचा संबंध मात्र दिसला.

बहुतेक पालकांना हे पटलेलंही असतं. मारलेल्या रात्री झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवत बसणारी आई कुठल्याही गल्लीत सापडेल. म्हणजे अडचण माहितीची नाही. ती त्या एका क्षणाची आहे, जेव्हा माहिती असलेलं काहीच हाताशी येत नाही.

राग एकदम आला असं आपण म्हणतो खरं, पण शरीर त्याआधी बरंच काही सांगत असतं. जबडा आवळतो, खांदे वर चढतात, श्वास छातीतल्या छातीत आखूड होतो, हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात ठेवलं जातं. पावसाळ्यात आपण सगळे राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी तासातासाला बघतो. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे, आणि जनावरं हलवायची ती इशाऱ्याला, धोक्याला नव्हे, हे चिखलीच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सजगतेचा सराव पालकाला हीच इशारा पातळी स्वतःच्या अंगात ओळखायला शिकवतो. धोक्याची पातळी ओलांडल्यावर दिलेला कुठलाही सल्ला वाया जातो, आणि बहुतेक पालक-मार्गदर्शन नेमकं त्या पातळीवरच्या माणसाला उद्देशून केलेलं असतं.

सराव म्हणजे नेमकं काय, तर दिवसातून दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ बसून नैसर्गिक श्वासाकडे लक्ष ठेवायचं. मन भरकटलं की भरकटलं एवढंच नोंदवून परत श्वासावर यायचं. अंगात कुठे ताण, कुठे उष्णता, कुठे धडधड जाणवते ते पाहायचं आणि ती लगेच घालवायची घाई करायची नाही. हे शांत वेळी करून ठेवायचं असतं. मूल हट्टाला पेटलेलं असताना पहिल्यांदा श्वास बघायला गेलं तर काही साधत नाही. सरावाने अंगवळणी पडलं, की ऐन प्रसंगी दोन्ही पाय जमिनीवर टेकल्याची जाणीव आणि एक लांब सोडलेला श्वास एवढ्यानेही जीभ उचलण्याआधी थोडी फट मिळते. मनातल्या मनात ‘मला राग आलाय, मला भीती वाटतेय’ एवढं नाव दिलं तरी त्या भावनेचा जोर कमी होतो, असं मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या संशोधकांना २००७ साली आढळलं. भीतीचा उल्लेख मुद्दाम केला. मूल रस्त्यावर धावलं, चाचणीत मार्क कमी आले, रात्री उशिरा घरी आलं, अशा बहुतेक प्रसंगी रागाखाली काळजी असते, आणि मुलापर्यंत मात्र फक्त राग पोचतो.

लॅरिसा डंकन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००९ साली या साऱ्याची पालकांसाठी नीट मांडणी केली. मुलाचं बोलणं पूर्ण लक्ष देऊन ऐकणं, स्वतःला आणि मुलाला निवाडा न करता स्वीकारणं, दोघांच्याही भावना ओळखणं, प्रतिक्रिया देण्याआधी स्वतःला सावरणं, आणि दोघांबद्दलही करुणा ठेवणं. यातला दुसरा भाग आपल्याकडे सगळ्यांत अवघड जातो. दहावीच्या वर्षी शेजारच्या पोराचे टक्के ऐकून आलेल्या माणसाला आपल्या पोराकडे निवाड्याविना बघ, असं सांगणं सोपं नाही. पण मला यातला सगळ्यांत मोलाचा भाग शेवटचा वाटतो, त्यातही स्वतःबद्दलच्या करुणेचा. जी आई स्वतःला सतत नापास करत असते, तिला मुलाची चूक सोसत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शांत राहणं म्हणजे राग गिळणं नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी वर्षानुवर्षं भावना दाबून टाकण्याचा अभ्यास केला. चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्या माणसाचं शरीर आतून जास्तच तापलेलं असतं, असं त्यांना आढळलं. मुलांना हे बरोबर कळतं. दात आवळून ‘‘नाही रे, मी कुठे चिडलेय’’ म्हणणाऱ्या आईपेक्षा ‘‘मला आत्ता खूप राग आलाय, पाच मिनिटांनी बोलू’’ म्हणणारी आई मुलाला जास्त सुरक्षित वाटते, कारण तिचं बोलणं आणि चेहरा एकमेकांशी जुळतात.

या विचाराची मुळं शोधत गेलं की एक विलक्षण गोष्ट सापडते. बापाने मुलाला सजगता शिकवल्याचा फार जुना दाखला आपल्याकडेच, पाली साहित्यात आहे. मज्झिम निकायातल्या अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्तात बुद्ध आपला मुलगा राहुल याला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असं राहुल म्हणतो. तसंच कुठलंही काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर ते स्वतःला आणि इतरांना त्रासाचं आहे का हे पाहावं, असं ते त्याला समजावतात. पुढच्याच, महाराहुलोवाद सुत्तात ते त्याला श्वासावरचं ध्यान शिकवतात. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात आवर्जून अभ्यासायला सांगितलेल्या धम्मग्रंथांत राहुलला केलेला हा उपदेश आहे. यात न विसरण्यासारखी बाब अशी, की राहुलला त्या उपदेशापर्यंत लहानाचं मोठं केलं ते यशोधरेने.

ही परंपरा ब्रह्मदेशातून सत्यनारायण गोएंका यांच्याबरोबर १९६९ साली भारतात परत आली. १९७६ साली इगतपुरीत धम्मगिरी उभं राहिलं. आपल्या जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातल्या आळते इथे, रामलिंगच्या वाटेवर, धम्मालय हे विपश्यना केंद्र आहे. इकडे महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने ‘मित्र’ उपक्रमातून शाळकरी मुलांपर्यंत आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे पाहण्याचा सराव नेला. पश्चिमेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात हाच सराव धार्मिक चौकटीबाहेर काढून आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बसवला, आणि १९९७ साली पत्नी मायला यांच्यासह पालकांसाठी पुस्तक लिहिलं. त्यानंतर ॲम्स्टरडॅममध्ये सुसान बॉगेल्स यांनी खास पालकांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम घडवला. मराठीत हा विषय वृत्तपत्रातून घरोघर नेण्याचं काम डॉ. यश वेलणकर यांच्या लेखनाने केलं.

म्हणजे शिकण्याची सोय मुलांना शाळेत आहे, मोठ्यांना केंद्रावर आहे. मधल्या माणसाचं काय? विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं आणि निवासी. तिथे फी नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण अंगावर पिणारं मूल, गोठ्यात दोन म्हशी आणि रोजंदारी असलेली बाई दहा दिवस घराबाहेर राहू शकत नाही. ज्या वयात माणसाला या सरावाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वयात तो त्याच्या आवाक्याबाहेर असतो. आठ आठवडे दर आठवड्याला संध्याकाळचे काही तास, हा परदेशी नमुनाही आपल्याकडे नोकरदार मध्यमवर्गाच्या पलीकडे जाणं कठीण.

आता पुराव्याकडे वळू, कारण या विषयात दावे फार मोठमोठे केले जातात. २००६ साली निर्भय सिंग आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांच्या तीन आयांना बारा आठवडे सजगतेचं शिक्षण दिलं. मुलांना काहीच शिकवलं नव्हतं, तरी त्यांचं मारणं-चावणं कमी होत गेलं आणि आयांना मातृत्वातलं समाधान वाढल्यासारखं वाटलं. अभ्यास तीनच जणींचा, तेव्हा त्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण मूल बदलायचं असेल तर आधी त्याच्या भोवतीचं मोठं माणूस बदलून बघावं, ही दिशा त्याने दाखवली. विशेष मुलांच्या आईबापांना अशा आधाराची किती निकड असते, हे चेतना अपंगमती विकास संस्थेसारख्या कोल्हापुरातल्या संस्थांच्या दारात उभं राहिलं तरी कळतं.

पुढे अभ्यास वाढले. २०१९ साली पालकांसाठीच्या अशा पंचवीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पालकांचा ताण कमी होतो, काही महिन्यांनी ती घट आणखी ठळक दिसते, आणि मुलांच्या वागण्यातही थोडा फरक पडतो, असा त्याचा निष्कर्ष. फरक लहान ते मध्यम, चमत्कार नाही. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात ४३२ कुटुंबांवर झालेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग जास्त कसून केलेला होता. तिथे एका गटाला कुटुंब-सबलीकरणाचा नेहमीचा कार्यक्रम आणि दुसऱ्याला सजगतेची जोड दिलेला तोच कार्यक्रम मिळाला. दोन्ही गट सुधारले. सजगतेची जोड सगळीकडे सरस ठरली नाही. पण वडिलांच्या बाबतीत तिने जास्त हात दिला. सर्वसाधारण ध्यानाविषयीचा २०१४ सालचा मोठा आढावा ४७ चाचण्यांचा होता. त्याने चिंता आणि नैराश्यात लहान ते मध्यम फायदा मान्य केला, मात्र व्यायाम, औषधं किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान वरचढ असल्याचा पुरावा नसल्याचंही स्पष्ट म्हटलं.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो ब्रिटनमधला २०२२ सालचा शाळांचा प्रकल्प. ऐंशीहून अधिक शाळा, आठ हजारांवर कुमारवयीन मुलं, वर्गात शिकवलेली सजगता, आणि मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा वेगळा असा काही फायदा नाही. त्याच प्रकल्पात ज्यांना आधी हे शिकवलं गेलं होतं त्या शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. आपण मुलांना डोळे मिटून बसवतो आणि ज्यांच्या आवाजाने ती दचकतात त्या मोठ्यांना मोकळं सोडतो, हा उलटा क्रम आहे. ‘मित्र’ उपक्रम चांगलाच आहे. पण मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूसही बसलं नाही, तर दहा मिनिटांच्या आनापानाचं काम घरातली संध्याकाळ पुसून टाकणार.

मुलाच्या बाजूने हा प्रश्न पाहायचा तर एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग आठवावा लागतो. आई बाळाशी हसून-बोलून खेळत असते, आणि मग ठरवून काही मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पसरतं, ओरडतं. काहीच परत येईना म्हटल्यावर मान वळवतं आणि कोसळून रडू लागतं. आज घरोघरी मोबाइलकडे वळलेला चेहरा मुलाला तितकाच कोरा दिसत असणार. म्हणून हजर राहण्याच्या गोष्टीत मी ध्यानाच्या बैठकीइतकंच जेवणाच्या ताटाशेजारी फोन नसण्याला महत्त्व देईन. मुलाचा मोबाइल सुटावा म्हणून धडपडणाऱ्या बहुतेक घरांत पहिला मोबाइल वडिलांचा बाजूला ठेवायला हवा.

ट्रॉनिक यांच्याच पुढच्या कामात मोठा दिलासाही आहे. अगदी जिव्हाळ्याच्या आई-बाळाच्या जोडीतही दोघं एकमेकांशी जुळलेली असतात ती एकूण वेळातला तिसरा हिस्साच. उरलेला वेळ चुकण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जातो, आणि मूल सावरायला शिकतं ते त्या पुन्हा जुळण्यातूनच. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली, निर्दोष आईची गरज नसते, पुरेशी चांगली आई पुरते, असं मांडलं होतं ते याच अर्थाने. तेव्हा कधीच न ओरडणारा पालक हे ध्येय ठेवू नये. ओरडल्यावर परत येणारा पालक हे ध्येय ठेवावं. आपल्या घरांत हीच जागा रिकामी आहे. मुलाला ‘‘माझं चुकलं, मी असं ओरडायला नको होतं’’ म्हणायचं, तर घरातल्या मोठ्यांना ते मान गमावल्यासारखं वाटतं. बाप हळवा झाला, आता पोर डोक्यावर बसणार, असं आजोबाही म्हणतात आणि कट्ट्यावरचे मित्रही. पण धाकाने मिळालेलं ऐकणं बापाची पाठ वळेपर्यंतच टिकतं. ज्याची माफी मागितली ते मूल बिघडत नाही. आपली चूक कबूल कशी करायची, याचा धडा त्याला घरीच मिळतो.

या वाटेवर आपल्याकडची माणसं ध्यानाच्या नावाविना फार आधीपासून चालत आली आहेत. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला तेव्हा मुलाला न मारण्याचा, त्याच्याकडे आदराने बघण्याचा आग्रह धरला होता. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तो आदिवासी मुलांपर्यंत नेला. पुण्यात १९८७ पासून ‘पालकनीती’ मासिकाने पालकांना उपदेश न करता विचार करायला लावला. शोभा भागवत यांनी बालभवनातून आणि लेखनातून तेच केलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने १९९० पासून विवेकनिष्ठ मानसशास्त्राची जोड दिली. ‘मुलाने माझं ऐकलंच पाहिजे’ यातला ‘च’ सुटला की निम्मा राग ओसरतो, ही या मानसशास्त्राचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस यांच्या विचाराची शिकवण मला श्वासाच्या सरावाची सख्खी बहीण वाटते.

आणि कोल्हापुरात लीलाताई पाटील होत्या. ना. सी. फडके यांची ही मुलगी. शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात आयुष्यभर शिकवल्यावर १९८५ साली त्यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, आणि २०१८ साली त्या गेल्या तोवर प्रयोगशील शिक्षण म्हटलं की महाराष्ट्र कोल्हापूरकडे बघायचा. मराठी माध्यम, मुलांमध्ये स्पर्धा नाही, भीती नाही, शिक्षा नाही. त्यांच्या कामाचा पाया निरीक्षण हा होता. मूल काय करतंय हे मोठ्याने आधी नीट पाहायचं, ऐकायचं, लिहून ठेवायचं, आणि मग आपली कृती ठरवायची. निवाडा लांबणीवर टाकून मुलाकडे लक्ष देण्याची ही शिस्त आहे, आणि परदेशी संशोधक आठ आठवड्यांत पालकांना जे शिकवू पाहतात त्याच्या ती फार जवळची आहे. घरात हे करायला वही आणि पेन पुरतं. मूल नेमकं कोणत्या वेळी, कशानंतर चिरडीला येतं, आणि त्या वेळी आपण स्वतः किती भुकेले, किती झोपेला आलेले होतो, एवढं आठवडाभर टिपलं तर पुष्कळ भांडणांचं मूळ मुलाच्या स्वभावात नसून घड्याळात सापडतं.

घड्याळाचा मुद्दा आला की या आढाव्यातली सगळ्यांत कठीण बाजू समोर येते. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूरच्या कारखान्यांवर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या काळोखात फडावर जायचं, लहान पोर पाचटावर झोपवायचं, आणि त्याच्यावर नजर ठेवायला सात-आठ वर्षांची बहीण. अनुराधा भोसले यांची ‘अवनि’ संस्था अशा स्थलांतरित मुलांसाठी काम करते म्हणून त्यांचं शिक्षण थोडंफार दिसतं तरी. त्यांच्या आयांच्या झोपेची नोंद कोण घेतं? त्या आईला सजगतेचा धडा देणं मला अन्यायाचं वाटतं. तिला पाळणाघर हवं, पाणी हवं, पुरेशी मजुरी हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदी ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा शिरोळ तालुक्यातून आणि कोल्हापूरच्या नदीकाठच्या वस्त्यांमधून उठून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. छपराची शाश्वती नसताना चिडचिड होणं हा मनाचा दोष नव्हे.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पालकांच्या ताणाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून जाहीर केलं. तिथल्या सर्वेक्षणात ४८ टक्के पालकांनी, बहुतेक दिवशी ताण पूर्णपणे असह्य होतो, असं सांगितलं होतं. त्यांच्या सूचनांमध्ये ध्यान कमी आणि पगारी रजा, परवडणारी बालसंगोपन व्यवस्था, कामाच्या वेळा यांचीच चर्चा जास्त आहे. हे मला पटतं.

जिथे बाळंतपणानंतरची उदासी महिनोन्‌महिने हटत नाही, जिथे दारू आणि मारहाण आहे, जिथे मुलाला इजा होईल असं आईला स्वतःचंच भय वाटतं, तिथे श्वासावर विसंबू नये. तिथे सीपीआर रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे, १४४१६ ही टेलि-मानसची मोफत सेवा आहे, तिच्यावर मराठीत बोलता येतं, आणि मुलांसाठी १०९८ आहे. हे तीन पत्ते प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक अक्षरात असायला हवेत.

मधल्या फार मोठ्या वर्गासाठी मात्र सजगता आणि सवड यांची सांगड घालता येईल. बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं श्वासाला देता येतील. आळत्याच्या केंद्राने आणि शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी मुलं सांभाळायच्या सोयीसह अर्ध्या दिवसाचे वर्ग गावोगाव नेले, तर दहा दिवसांची अट आडवी येणार नाही. घरात सकाळच्या त्या वीस मिनिटांत डबा भरणं किंवा वेणी घालणं वडिलांनी उचललं, तर आईला शांत व्हायला वेगळ्या ध्यानाची तेवढी गरज उरणार नाही. आज जवळपास सगळं पालक-मार्गदर्शन आयांना उद्देशून होतं, आणि घरातल्या शांततेचा सगळा भार त्यांच्याच श्वासावर येतो. पेन्सिल्व्हेनियाच्या अभ्यासात ज्यांना जास्त फायदा झाला ते वडील आपल्या पालकसभांमध्ये दिसतच नाहीत, कारण त्या सभा बहुधा कामाच्या वेळेत भरतात.

म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. जून महिन्यातली पहिली पालकसभा धारा आणि पहिली पाळी उरकल्यावर, संध्याकाळी साडेसातनंतर ठेवा. पहिला अर्धा तास मुलांच्या प्रगतीवर बोलू नका. आईवडिलांची झोप, त्यांचा थकवा आणि त्यांचा राग यांवर त्यांना बोलू द्या. आणि निमंत्रणाच्या चिठ्ठीवर ‘पालक’ असा मोघम शब्द न घालता वडिलांचं नाव लिहा.